उत्तर रिकामं असेल तर

अंकुशराव जिना चढून वर आले तेव्हा मी फळ्यावर 'जर' आणि 'नाहीतर' लिहीत होते. मंगळवार, दुपारचे चार. खाली त्यांची पिठाची गिरणी चालू होती आणि नेहमीप्रमाणे माझ्या कॉम्प्युटर क्लासची फरशी पायाखाली बारीक थरथरत होती. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावरची टोपी झटकली, आणि पोरांचा अभ्यास मोडू नये म्हणून भिंतीला धरून माझ्या टेबलाशी आले. या माणसाचं हे असंच होतं. वाईट माणसाला शिंगं असतात असं कुणाला वाटत असेल तर त्यानं अंकुशरावांना बघायला हवं होतं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, मानवतची. त्याच्या तीन वर्षं आधी मी नवऱ्यापासून वेगळी झाले होते आणि एकट्या बाईला गावात जागा द्यायला कुणी तयार नव्हतं. जो तो विचारायचा, सोबत कोण आहे. अंकुशरावांनी एका शब्दानं विचारलं नाही. गिरणीवरचा हॉल उघडून दिला, वर स्वतःच्या हातानं चुना मारला. पुढे गावात कुणी माझ्याबद्दल वेडंवाकडं बोललं की ते म्हणायचे, कुलथे मॅडम माझ्या बहिणीसारख्या आहेत. त्यामुळे ते आले की मी उठून उभी राहायचे. त्या दिवशीही राहिले.

ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जनाच्या सर्टिफिकेटचं तेवढं बघा. जन्मतारखेत दोन वर्षांची गडबड झालेली आहे."

जना तिडके त्यांची भाची. बाप वारलेला, आई खेड्यात, म्हणून पोरगी अकरावीला मामाकडे राहायला आली होती. माझ्याकडे जूनपासून येत होती. मशीन नंबर चार, खिडकीजवळचं. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, पण डोकं असं की मी एक सांगावं आणि तिनं तीन करून दाखवावीत. प्रवेशाच्या फॉर्मवर तिनं स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली होती. त्या हिशेबानं तिला दिवाळीत सोळा पूर्ण झाली होती.

मी म्हटलं, कोर्स संपायला अजून दोन महिने आहेत, सर्टिफिकेट तेव्हा देते. तर म्हणाले, लातूरला नर्सिंगचं बघतोय, तिथे अठराच्या खाली घेत नाहीत. शाळेच्या दाखल्यात मास्तरनं चूक केलीय, ती दुरुस्त व्हायला वेळ लागेल, तोवर एखादा छापील कागद हाताशी असला की बरं. सगळं कसं सरळ, समजुतीचं.

आता खरं सांगते. मला तेव्हाच खटकलं होतं. नर्सिंगला बारावी लागते आणि पोरगी अकरावीत, एवढंसुद्धा कळू नये इतकी मी बावळट नव्हते. पण खटकलेलं बाजूला सारायची माणसाला सवय असते, आणि समोर उपकार करणारा माणूस हात जोडून उभा असला की ती सवय फारच उपयोगी पडते. सर्टिफिकेट छापायचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. नाव टाका, तारीख टाका, बटण दाबा. काय टाकलंय ते तो तपासायचा नाही. पोरांना मी घसा कोरडा करून सांगायचे की आलेलं उत्तर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅमला तपासणीची एक ओळ नव्हती. मी दोन वर्षं मागची तारीख टाकली. प्रिंटरनं करकर करून कागद बाहेर दिला. मी सही केली, शिक्का मारला.

त्या करकरीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मशीन चारवर किबोर्डचा आवाज थांबला होता. मी मान वर केली तर जना माझ्याकडे बघत होती. मामाकडे नाही, माझ्याकडे. मग तिनं मान खाली घातली आणि पुन्हा टाइप करायला लागली.

जाताना अंकुशराव तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. तिच्या काळ्याभोर केसांवर पिठाची बोटं उमटली.

माझ्या क्लासची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे लाइट दिवसातून तीन-चार तास टिकायची आणि मशीनं सहा. म्हणून मी पोरांना प्रोग्रॅम आधी वहीत लिहायला लावायचे. वहीत पास झाल्याशिवाय मशीनला हात नाही. मी लाल पेनानं तपासायचे, दहापैकी मार्क द्यायचे, आणि त्या लाल पेनाचा मला भारी अभिमान. माझ्या हातून चूक निसटत नाही असं मी छाती काढून सांगायचे.

जनाच्या वहीचं एक वेगळंच होतं. तिच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पांढरा अंगठा असायचा. मी एकदा रागावले होते, वही नीट ठेवता येत नाही का, कणीक मळताना अभ्यास करतेस का. ती म्हणाली होती, "मामा बघतात, मॅडम. रोज खाली उतरले की." मला वाटलं, काय लक्ष आहे भाचीच्या अभ्यासाकडे. आमच्या बापानं कधी वहीला हात लावला नाही. मी चार पोरांसमोर अंकुशरावांचं कौतुकसुद्धा केलं. जनानं वही मिटून दप्तरात टाकली. तिच्याकडे मोबाइल नव्हता, मैत्रिणींकडे जायची मुभा नव्हती, शाळा आणि क्लास सोडून तिसरीकडे ती कधी दिसायची नाही. हे सगळं मला माहीत होतं, सुटं सुटं.

तर त्या मंगळवारी मी घरचा अभ्यास दिला. एक प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम लिहा. उत्तर म्हणून एखादा शब्द घ्या, तो तपासा, आणि ज्या त्या उत्तराला ज्याचं त्याचं वाक्य छापा. प्रश्न तुमचा तुम्ही निवडा. पोरं खूश. कुणी विचारलं, आज भाजी कोणती; कुणी, मॅच कोण जिंकणार. शंकऱ्यानं तर 'मॅडमचा मूड कसा आहे' असा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या उत्तरांना 'पळा' छापलं. त्याला मी दहापैकी नऊ दिले, कारण चूक काढायला जागा नव्हती.

बुधवारी वह्या गोळा केल्या. जनाची सगळ्यात खाली होती. लाइट जायला दहा मिनिटं उरली होती आणि मी घाईत होते. तिचा प्रश्न होता, 'जना कुठे आहे?' इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, मध्ये मध्ये कंस, कोट, बरोबरची दोन-दोन चिन्हं, जसं आम्ही सगळेच लिहायचो. साध्या मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

जर उत्तर "क्लास" असेल, तर छाप "ठीक".
जर उत्तर "घर" असेल, तर छाप "ठीक".
जर उत्तर "आखाडा" असेल, तर छाप "शुक्रवारच्या आत".
जर उत्तर रिकामं असेल, तर छाप "कुशाताई", आणि त्यापुढे कोटात दहा आकडे.

बस्स. शेवटी 'नाहीतर' नव्हतं.

मी पेन उघडलं. 'शुक्रवारच्या आत' याखाली रेघ ओढून लिहिलं, अर्थबोध होत नाही. दहा आकड्यांभोवतीच्या कोटांना गोल केला, आकड्यांना कोट नकोत. रिकाम्या उत्तराच्या ओळीवर फुली मारली. खाली लिहिलं, नाहीतर कुठे आहे? दहापैकी सहा. तिला टेबलाशी बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, हुशार पोरगी तू, आज काय धांदल केलीस ही.

ती म्हणाली, "मॅडम, रिकामं उत्तर येऊ शकतं."

"अगं, रिकामं म्हणजे काहीच नाही. जे नाहीच ते कशाला तपासायचं?"

ती उभीच राहिली. तिच्या हाताला मेंदीचा वास येत होता, हे मला आज आठवतं. तेव्हा नाकाला कळलं आणि डोक्यानं सोडून दिलं. मी विचारलं, बरं, नाहीतर का लिहिलं नाहीस.

"नाहीतर काय, ते मला सुचलं नाही, मॅडम."

तेवढ्यात लाइट गेली. पोरं ओरडत उठली. जना जाताना वही न घेताच गेली. मी जिन्यापर्यंत जाऊन हाक मारली, पण ती खाली उतरली होती, आणि खाली अंकुशराव हात पुढे करून उभे होते, वहीसाठी. तिनं त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, सहा मार्कांचा राग आलाय बाईसाहेबांना. वही मी टेबलाच्या खणात टाकली.

गुरुवारी हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मग रजिस्टरमध्ये 'गै' लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळले.

क्लास सुटल्यावर गिरणीत डोकावले. अंकुशराव नव्हते. म्हातारा सखाहरी एकटा दळण करत होता. म्हटलं, मालक कुठंयत. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आखाड्यावर गेलेत सगळे. देवाचं हाय कायतरी." आखाडा म्हणजे त्यांचं शेतातलं घर, गावापासून बारा-तेरा किलोमीटर आत, नदीच्या अंगाला. मी बरं म्हटलं आणि पीठ घेऊन घरी गेले. संध्याकाळी भाकरी थापताना मला उगाच अस्वस्थ वाटत होतं. काय राहिलंय ते आठवेना. दूध तापवायचं राहिलं असेल म्हणून दोनदा पातेलं बघितलं.

शुक्रवारी तीन वाजता क्लास उघडला. पंखा लावला, फिरायला लागला. मशीनं चालू केली. आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं, पण काय ते कळेना. मी खुर्चीत बसले, पाय जमिनीवर टेकवले, आणि मग कळलं. फरशी हलत नव्हती. लाइट असूनही गिरणी बंद होती. तीन वर्षांत दिवाळीचा पाडवा सोडला तर लाइट असताना ती गिरणी कधी बंद राहिली नव्हती. इतकी शांतता त्या हॉलमध्ये मी कधी ऐकली नव्हती. मला भीती वाटली. भर दुपारी, उघड्या खिडकीत बसून, चांगलीच भीती वाटली.

मी खण ओढून जनाची वही काढली. पानं उलटत गेले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पांढरा अंगठा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत एकही पान सुटलेलं नाही. फक्त शेवटचं पान स्वच्छ होतं. ते त्यांच्या हातात पडू नये म्हणून पोरगी वही माझ्यापाशी ठेवून गेली होती.

मग मी तो प्रोग्रॅम पुन्हा वाचला. या वेळी पेन हातात नव्हतं. 'जना कुठे आहे?' उत्तर आखाडा असेल, तर शुक्रवारच्या आत. उत्तर रिकामं असेल, तर कुशाताई. काल मी दोनदा हाक मारली होती आणि उत्तर रिकामं आलं होतं. आखाडा हा शब्द सखाहरीनं माझ्या तोंडावर सांगितला होता. मेंदीचा वास. दोन वर्षं मागची तारीख. सगळं सुटं सुटं होतं ते एका दमात जुळलं. मामा वहीचं पान न् पान बघायचे, पण त्या कंसा-कोटांच्या जंजाळात काय लिहिलंय ते त्यांना वाचता यायचं नाही, एक ते दहा आकडे सोडले तर. क्लासची पोरं सोडली तर साऱ्या गावात ते वाचता येणारी एकटी मी होते. म्हणून तिनं ते मला लिहिलं. आणि तोंडानं का सांगितलं नाही, तर मंगळवारी मी सही करताना तिनं बघितलं होतं. मी कुणाची आहे हे तिला माहीत नव्हतं. तरी तिनं एकदा विचारून बघितलं.

दहा आकडे फोन नंबरचे असतात. फोन नंबर कोटातच लिहायचा असतो, त्याची काय बेरीज करायची असते? तिथेही पोरीचं बरोबर होतं आणि माझं चूक.

मी नंबर लावला. दुसऱ्या रिंगला एका बाईनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं, क्लास सांगितला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "जना कुठंय?"

अगदी तोच. मी म्हटलं, "आखाड्यावर."

पलीकडे भांड्यांचा आवाज दूर गेला. ती बाहेर कुठेतरी आली असावी. "तिनं कधी दिला तुम्हाला नंबर?"

"बुधवारी."

"आणि फोन आज करायलात." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी परभणीत आहे, मॅडम. तासाभराचा रस्ता आहे. लग्न बाराला असतं, आता साडेतीन वाजलेत."

कुशावर्ता ही जनाची थोरली बहीण. तिचंही लग्न पंधराव्या वर्षी त्याच आखाड्यावर, याच मामांनी लावून दिलं होतं. ती दोन वर्षांनी सासरहून निघून आली, तेव्हापासून तिचं नाव घरात घ्यायचं नाही असा दंडक होता. परभणीला एका मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. नंबर जनाला तोंडपाठ होता. लावायला फोन नव्हता, एवढंच.

मी पोरांना घरी पाठवलं. कुशावर्ता मिळेल त्या जीपनं निघाली, मी पोलिसांत गेले. तिथे पाऊण तास नुसतं पटवण्यात गेला. जमादार मला ओळखत होते, म्हणाले, अंकुशराव असं करणार नाहीत. मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं. तोवर कुशावर्ताही ठाण्यावर आली; जमादारांबरोबर आम्ही दोघी आखाड्यावर पोचायला साडेपाच झाले.

मांडवाच्या कनाती उतरवत होते. आचारी विहिरीपाशी पातेली घासत होते. जनाची आई ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीकडे बघत बसली होती, तिनं आम्ही आल्यावरही मान वर केली नाही. नवरामुलगा तिशीचा, फेटा सोडून बाजेवर सुपारी कातरत होता. अंकुशराव पुढे आले, सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं, आणि आतून एक घडी केलेला कागद आणून जमादारांच्या हातात ठेवला. पोरगी अठरा पूर्ण आहे साहेब, म्हणाले, घ्या, मॅडमचंच सर्टिफिकेट आहे.

जमादारांनी ते वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. "सही तुमचीच का?"

अंकुशराव माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, धमकी नव्हती. नुसता विश्वास होता, आणि तो धमकीपेक्षा जड होता. हॉल, चुना, बहिणीसारख्या, सगळं त्यात होतं.

मी म्हटलं, "सही माझी आहे. तारीख खोटी आहे. ती मीच टाकलीय."

त्याची किंमत मी पुढे मोजली, ती रडकथा इथे सांगत नाही. हॉल गेला, गाव सुटलं, खोटा कागद दिल्याबद्दल माझ्यावरही गुन्हा लागला आणि लागायलाच हवा होता. जनाचं ते लग्न कोर्टातून रद्द व्हायला चार वर्षं लागली. पण हे सगळं नंतरचं. मला छळतं ते त्या संध्याकाळचं ओसरीवरचं शेवटचं बोलणं.

बायका जनाला आतून घेऊन आल्या. हळद, हिरवा चुडा, कपाळाच्या मानानं फार मोठं कुंकू. कुशावर्ता धावत गेली आणि तिनं पोरीला पोटाशी धरलं. जना रडली नाही. बहिणीच्या खांद्यावरून तिला मी दिसले. माझ्या हातात तिची वही होती. का कोण जाणे, मी ती बरोबर आणली होती. तिनं हात पुढे केला. मी दिली. तिनं शेवटचं पान काढलं आणि लाल खुणांवरून बोट फिरवलं. गोल, रेघ, फुली, सहा.

"मॅडम, प्रोग्रॅममध्ये चूक होती का?"

"नव्हती, जना. एकही नव्हती."

"मग चालला का नाही?"

ओसरीवर सगळे थांबले होते. अंकुशराव, जमादार, मान खाली घातलेली आई. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली, क्लासात बघायची तशीच. मी तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. एकही आला नाही.

तिनं बराच वेळ दिला मला. मग वही मिटून काखेत घेतली आणि बहिणीला म्हणाली, "ताई, चल."